भाचा की भाडेकरू?

विकेटकीपर हा कीपिंग बघून निवडतात असा ज्यांचा भाबडा समज आहे, त्यांनी एकदा कारेगावला यावं. पुणे-नगर रस्त्यावरचं, रांजणगावच्या महागणपतीच्या शेजारचं हे आमचं गाव. एमआयडीसी आली तसं गावाचं मोजमाप बदललं. पूर्वी सोयरीक जुळवताना ‘जमीन किती?’ असं विचारायचे, आता ‘खोल्या किती?’ असं विचारतात. त्या खोल्यांमधून बीड, लातूर, परभणी, यवतमाळपासून थेट बिहारपर्यंतची पोरं राहतात. फर्स्ट शिफ्टवाला उठून गेला की नाईटवाला येऊन त्याच गादीवर आडवा होतो. गादी गार होत नाही आणि मालकाला भाडं दोघांचं मिळतं.

कांदा निघून एखादं वावर मोकळं झालं की त्यावर मुरूम पडतो, रोलर फिरतो आणि रस्त्याच्या कडेला फ्लेक्स लागतो: ‘भव्य टेनिस बॉल क्रिकेट स्पर्धा’. फ्लेक्सवर दोन्ही संघांत मावणार नाहीत इतके नेते असतात, खेळाडू एकही नसतो. कोपऱ्यात बॅट-बॉलचं चित्र असतं, ते छापखान्यातल्या पोरानं नेटवरून उचललेलं असतं आणि नीट बघितलं तर पुष्कळदा ती बॅट बेसबॉलची निघते. त्याखाली बक्षिसांची यादी. प्रथम, द्वितीय, तृतीय; मग उत्कृष्ट फलंदाज, उत्कृष्ट गोलंदाज, उत्कृष्ट क्षेत्ररक्षक, मालिकावीर. ‘उत्कृष्ट विकेटकीपर’ असं बक्षीस मी आजवर एकाही फ्लेक्सवर वाचलेलं नाही. माईकवरचा निवेदक प्रत्येक षटकाराला कुणातरी दानशूरातर्फे शंभर रुपये जाहीर करतो. लेगला चाललेला वाइड झेप घेऊन अडवला म्हणून कुणी दहा रुपये काढल्याचं ऐकिवात नाही.

ज्या कामाला बक्षीस नाही त्या कामासाठी आमच्या संघात दोन माणसं भांडतात, आणि त्या भांडणाचा निवाडा आमचे मॅनेजर करतात. मी संघाचा गुणलेखक. माझी खुर्ची त्यांच्या खुर्चीला लागून असते, त्यामुळे निवाडे मला जवळून ऐकायला मिळतात.

मॅनेजर स्वतः तरुणपणी कीपर होते. त्यांनी एका सामन्यात तीन स्टंपिंग केल्याचं ते सांगतात. त्या सामन्यातले बाकीचे खेळाडू अजून हयात आहेत, पण त्यांना कुणी विचारायला जात नाही. सध्या त्यांचा व्यवसाय म्हणजे खोल्या. जर्सीचे पैसे तेच देतात, प्रवेश फी तेच भरतात, सामन्यानंतरची मिसळ त्यांच्याच खात्यावर असते. तेव्हा कीपर ते ठरवणार यात वाद नाही.

आता उमेदवार बघा. पहिला उमेदवार त्यांचा सख्खा भाचा. पोरगा गुणी, उंचापुरा, बॅटिंगला आला की पहिल्या चेंडूपासून षटकार मारायला बघतो आणि चारात एकदा तो बसतोही. त्याच्याकडे स्वतःचे कीपिंग ग्लोव्हज आहेत. टेनिस बॉलला ग्लोव्हज लागत नाहीत. चांगले कीपर उघड्या हातांनी पकडतात. पण ग्लोव्हज आहेत म्हटल्यावर ते घालायला हवेत, आणि ते घालायचे तर कीपिंग करायला हवं, अशी त्याची विचारसरणी आहे.

दुसरा उमेदवार त्यांचा भाडेकरू. बीडकडचा पोरगा, कंपनीत लाइनवर कामाला. रात्रभर पट्ट्यावरून सरकत येणारे पार्ट उचलून जागेवर बसवायचे हे त्याचं काम. एक सुटला तर अख्खी लाइन थांबते आणि सुपरवायझर येतो. या पोराच्या हातून चेंडू सुटलेला मी क्वचित पाहिला. एका सकाळी नाईट करून कंपनीच्या बसमधून उतरला तो थेट मैदानात आला, पायात सेफ्टी शूज तसेच. बॅट्समनच्या पायांमधून निसटलेला यॉर्कर त्याला हातानं सापडेना, तेव्हा त्यानं बूट आडवा घातला. आत लोखंडी टोपी. चेंडू ठणकन वाजून उलटा स्टंपांवर गेला आणि क्रीजबाहेर आलेला बॅट्समन यष्टिचीत की धावबाद यावर दोन्ही अंपायर दहा मिनिटं बोलत उभे राहिले. मी वहीत ‘बूट’ असं लिहून ठेवलं आहे.

भाचा त्यांना ‘मामा’ म्हणतो, भाडेकरू ‘मालक’ म्हणतो. मॅनेजरच्या निर्णयप्रक्रियेचा सगळा पेच या दोन हाकांच्या मध्ये आहे. भाच्याला बाहेर बसवलं तर संध्याकाळी बहिणीचा फोन येतो: ‘दादा, पोरगं जेवलं न्हाई. काय केलंस तू त्याला?’ भाडेकरूला बसवलं तर फोन येत नाही. पण महिन्याच्या पाच तारखेला भाडं द्यायला तो येतो तेव्हा पैसे मोजताना एक शब्द बोलत नाही, आणि मॅनेजर म्हणतात की हे फोनपेक्षा वाईट आहे.

काही सामने मॅनेजरनी शिफ्टवर ढकलले. भाडेकरूची फर्स्ट शिफ्ट असेल त्या आठवड्यात भाचा, सेकंड असेल तर सकाळच्या सामन्याला भाडेकरू, नाईट असेल तर ‘बघू, डोळे कसे हायेत त्याचे’. ही पद्धत तशी निर्दोष होती, कारण दोष कंपनीवर जात होता. पण कंपनीत मागणी घटली, ओटी बंद झाली आणि पोरगा रोज मोकळा दिसायला लागला. तेव्हा मॅनेजरनी कारणं शोधायला सुरुवात केली. एका सामन्याला कारण होतं, ‘समोर डावखुरा बॉलर आहे, म्हणून भाचा.’ समोरच्या बॉलरचा आपल्या कीपरशी काय संबंध, हे विचारायची टाप कुणाचीच नव्हती. दुसऱ्या सामन्याला, ‘अनुभव पाहिजे.’ भाचा भाडेकरूपेक्षा दोन वर्षांनी लहान आहे. तिसऱ्या सामन्याचं कारण मात्र खरं होतं: आमचा मुख्य फास्ट बॉलर भाच्याच्या मोटारसायकलवरून येतो. भाचा खेळणार नसेल तर बॉलर पायी येणार, म्हणजे येणारच नाही.

यावर हसू नका. फ्लेक्सवरच्या त्या बेसबॉलच्या बॅटचा छडा लावायच्या नादात मी बेसबॉल बघायला लागलो, आणि तिथंही हेच चालतं असं दिसलं. आपल्या विकेटकीपरसारखा त्यांचा कॅचर असतो. जाळीचा मुखवटा घालून बॅटरच्या मागं उकिडवा बसतो, चेंडू टाकणाऱ्या पिचरला बोटांनी खुणा करतो आणि गुडघ्यांचं वाटोळं करून घेतो. नव्वदच्या दशकात अटलांटा ब्रेव्ह्ज संघात ग्रेग मॅडक्स नावाचा जगातला एक अव्वल पिचर होता. संघाचा मुख्य कॅचर हावी लोपेझ, तगडा बॅटर. पण मॅडक्सच्या पाळीला पुष्कळदा मागं बसायचा तो एडी पेरेझ, कारण मॅडक्सचं त्याच्याशी जमायचं. तिथं मोटारसायकलचा प्रश्न होता की नाही हे कुठं लिहिलेलं सापडत नाही.

त्याहून नामी उदाहरण एंजल्स संघाचं. त्यांचे मॅनेजर माइक सोशिया, स्वतः मुरलेले कॅचर, डॉजर्सकडून वर्षानुवर्षं खेळलेले. त्यांच्याकडे दोन कॅचर. माइक नापोली बॅटिंगला भारी, जेफ मॅथिस मागं बसण्यात भारी. सोशियांनी दोघांत सामने वाटले, आणि मॅथिसच्या वाट्याला इतके दिले की संघाचे चाहते वर्षानुवर्षं डोकं धरून बसले. शेवटी जानेवारी २०११ मध्ये नापोलीला टोरंटोकडे देऊन टाकलं. टोरंटोनं चार दिवसांत त्याला टेक्सासकडे पाठवलं. टेक्सास एंजल्सच्याच गटातलं, म्हणजे शेजारच्या वाडीतलं. त्या मोसमात नापोलीनं ३० होमरन मारले, सरासरी .३२०, आणि टेक्सास वर्ल्ड सिरीजपर्यंत गेलं. मॅथिसची त्या वर्षीची सरासरी .१७४. माणूस स्वतः ज्या जागेवर खेळला, त्या जागेसाठी त्याला दुसऱ्यातलं आपल्यासारखं तेवढंच दिसतं. सोशियांना मॅथिसमध्ये तरुण सोशिया दिसत असणार. आमच्या मॅनेजरना भाच्यामध्ये तीन स्टंपिंग दिसतात.

बेसबॉलवाल्यांचं राहू द्या. आपल्या थोर निवड समित्यांनीही या बाबतीत कसर ठेवलेली नाही, आणि यात हाल झाले ते बहुतांशी आपल्याच मराठी माणसांचे. १९५१-५२ मध्ये इंग्लंडचा संघ पाच कसोटींसाठी आला. भारतानं त्या पाच कसोटींत तीन कीपर वापरले: महाराष्ट्राचे नाना जोशी, मुंबईचे माधव मंत्री आणि बंगालचे खोखन सेन. मद्रासच्या शेवटच्या कसोटीत सेननी पाच स्टंपिंग केली आणि भारतानं आपली पहिलीवहिली कसोटी जिंकली. एवढ्यावर माणसानं कीपर सापडला म्हणून निवांत बसावं. पुढच्याच उन्हाळ्यात हेडिंग्लेला मागं पुन्हा मंत्री. तिथं दुसऱ्या डावात भारताची अवस्था शून्यावर चार बाद झाली, आणि त्या चारांत मंत्रीही होते.

मग नरेन ताम्हाणे आले. १९५४-५५ मध्ये पाकिस्तानात पहिल्याच मालिकेत त्यांनी १९ जणांना मागं टिपलं. प्रश्न मिटला म्हणता म्हणता नाना जोशींनाही अधूनमधून बोलावणं सुरूच राहिलं. १९५९ च्या इंग्लंड दौऱ्यावर दोघंही गेले. त्याच वर्षाच्या शेवटी ऑस्ट्रेलिया आली तेव्हा एका मालिकेत जोशी, ताम्हाणे आणि तिसरा बुधी कुंदरन. कुंदरन तोवर रणजीचा एकही सामना खेळलेला नव्हता. कसोटी आधी, रणजी नंतर. डिसेंबर १९६० मध्ये मुंबईत पाकिस्तानविरुद्ध नाना जोशींनी रमाकांत देसाईंबरोबर नवव्या विकेटसाठी १४९ धावा जोडल्या, स्वतः नाबाद ५२, कसोटी कारकिर्दीतली सगळ्यात मोठी खेळी. ही त्यांची शेवटची कसोटी ठरली. नऊ वर्षांत १२ कसोटी. एखाद्यानं चांगलं खेळून दाखवलं की त्याला विश्रांती द्यावी, हे धोरण आमच्या मॅनेजरनी कुठून घेतलं ते मला इथं कळलं.

कुंदरनचं तर विचारूच नका. १९६४ मध्ये इंग्लंडविरुद्ध पहिल्या कसोटीत १९२ आणि मालिकेत ५२५ धावा. कीपरनं! पुढच्या मालिकेत ऑस्ट्रेलियाविरुद्ध तीन कसोटी होत्या, त्यातली एकही त्याला मिळाली नाही, तिन्ही इंद्रजितसिंहजींना. मग फारुख इंजिनिअर. १९६७ मध्ये बर्मिंगहॅमला संघात दोघंही एकदम, इंजिनिअर मागं आणि कुंदरनच्या हातात नवा चेंडू, कारण मुख्य बॉलर सगळे फिरकीवाले. कप्तान पतौडींनी तू काय टाकतोस असं विचारलं तेव्हा मला तरी कुठं माहीत आहे, असं काहीसं उत्तर कुंदरननं दिल्याची गोष्ट सांगतात. मी ती मॅनेजरना सांगितली. त्यांना एकदम काहीतरी सुचल्यासारखं झालं आणि पुढच्या सामन्यात त्यांनी भाडेकरूला बॉलिंग दिली. एका ओव्हरमध्ये सव्वीस.

दोन कीपर एकदम खेळवायचे म्हणजे दोघंही खूश, असा एक सिद्धांत आहे. १९८७ च्या विश्वचषकाच्या उपांत्य फेरीत वानखेडेवर वेंगसरकर आजारी पडले, त्यांच्या जागी चंद्रकांत पंडित आत. मागं किरण मोरे होतेच. पंडितनी २४ केल्या, मोरेंना भोपळा, सामना इंग्लंडचा. किरण मोरे ४९ कसोटी खेळले, पंडित पाच. २०१९ च्या विश्वचषकात हा सिद्धांत कळसाला पोचला. मॅंचेस्टरला न्यूझीलंडविरुद्धच्या उपांत्य सामन्यात अकरांत धोनी, दिनेश कार्तिक, ऋषभ पंत आणि चौथा वेळप्रसंगी कीपिंग करणारा के. एल. राहुल. चार कीपर, स्टंपांचा एकच सेट. आपण अठरा धावांनी हरलो. निवड समितीचे अध्यक्ष होते एमएसके प्रसाद, माजी कीपर. पुन्हा तेच! माजी कीपरच्या हातात निवड दिली की तो कीपर जमवतो, बाकी संघ उरला तर घेतो.

हे सगळं मॅनेजरना ऐकवलं, त्यातलं त्यांनी सोयीचं तेवढं उचललं. ‘म्हंजे दोघं खेळवता येतात,’ ते म्हणाले. आणि मग तो निर्णय आला, ज्याबद्दल कारेगावच्या चहाच्या टपऱ्यांवर अजून बोललं जातं. आठ ओव्हरच्या डावात पहिल्या चार ओव्हर भाच्यानं कीपिंग करायचं, पुढच्या चार भाडेकरूनं.

‘एकाच डावात?’ मी विचारलं.

‘मग काय झालं? तूच म्हणालास, इंग्लंडनी केलंय.’

ते मीच सांगितलं होतं हे खरं. १९८६ मध्ये लॉर्ड्सवर न्यूझीलंडविरुद्ध इंग्लंडचा कीपर ब्रूस फ्रेंच जखमी झाला, तेव्हा आधी बिल अॅथी, मग पंचेचाळीस वर्षांचे बॉब टेलर, जे प्रायोजकांच्या तंबूत पाहुण्यांची सरबराई करत होते, मग बॉबी पार्क्स, असं करत एका डावात चार कीपर झाले. पण तिथं माणूस जखमी होता. आमच्याकडे दोघंही ठणठणीत होते, हे मॅनेजरनी बारीकसारीक म्हणून सोडून दिलं.

चौथी ओव्हर संपली. निवेदकानं माईकवरून जाहीर केलं, ‘आणि आता कारेगाव संघाच्या वतीनं यष्टीमागं एक ऐतिहासिक बदल.’ भाचा चालत स्क्वेअर लेगकडे निघाला. भाडेकरू पुढं येऊन हात पसरून उभा. भाच्यानं ग्लोव्हज काढले नाहीत.

‘दे की,’ भाडेकरू म्हणाला.

‘ग्लोव्हज माझे हायेत.’

‘मला नकोतच. पण तू ते घालून तिकडं कसा थांबशील?’

प्रश्न बिनतोड होता. अंपायरनं सांगितलं की ग्लोव्हज घालायची मुभा फक्त कीपरला. भाचा म्हणाला, मग मामानं तसं सांगावं. मामा सीमारेषेवरून उठून आत आले, मैदानावर मॅनेजरला यायला परवानगी नाही म्हणून अंपायरनं त्यांना परत पाठवलं, ते म्हणाले वावर माझ्या साडूचं आहे. एवढ्यात बॅट्समनचं पाणी पिऊन झालं, रस पिऊन झाला. अखेर तोडगा निघाला: एक ग्लोव्ह भाच्यानं काढून स्टंपांमागं जमिनीवर ठेवायचा, दुसरा खिशात कोंबायचा. पुढच्याच चेंडूला थ्रो आला तो त्या जमिनीवरच्या ग्लोव्हला लागला. अंपायरनं बोट वर केलं, पण बाद म्हणून नव्हे. पाच दंडाच्या धावा. हा नियम खरा आहे, फक्त तो ठेवलेल्या हेल्मेटसाठी प्रसिद्ध आहे. आमच्या गावात आता तो ‘भाच्याचा नियम’ म्हणून ओळखला जातो.

सामना तीन धावांनी गेला. मॅनेजरनी दुसऱ्या दिवशी माझी वही मागून घेतली, पाच दंडाच्या धावा बघितल्या आणि विचारलं, ‘ह्या कुणाच्या नावावर टाकल्यास?’

‘अवांतर.’

‘बराय. बहिणीला दाखवायला बरं.’

पुढच्या मोसमात लिलाव झाला. हल्ली गावोगावच्या स्पर्धांना मालक असतात आणि खेळाडूंचा लिलाव असतो. पैसे चहापाण्याचे, थाट आयपीएलचा. मॅनेजरनी भाच्याला लिलावाआधीच राखून ठेवलं. भाडेकरूच्या नावाला शेजारच्या गावाच्या संघानं पहिली बोली लावली. मॅनेजर हात वर करणार तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. बहिणीचा होता. उचलेपर्यंत पोरगं गेलं.

गटसाखळीत तो संघ आमच्यासमोर आला. भाचा बॅटिंगला. पहिला चेंडू षटकार, शंभर रुपये जाहीर. दुसरा चेंडू हळू, पुढं येऊन मारायला गेला, हुकला. मागं उघड्या हातांनी चेंडू पकडून भाडेकरूनं बेल उडवली तेव्हा भाचा क्रीजच्या चांगला दोन हात बाहेर होता, आणि त्याच्या डोळ्यांसमोर अजून ते शंभर रुपये होते. तशी त्या पोरानं त्या दिवशी दोन स्टंपिंग केली, एक कॅच घेतला, बाय एकही नाही. बक्षीस अर्थातच नाही. तो रकाना फ्लेक्सवर अजूनही आलेला नाही.

मॅनेजर माझ्या शेजारी बसून सगळ्यांना सांगत होते, ‘माझ्याच खोलीत ऱ्हातो तो. मीच तयार केलाय.’

पुढच्या महिन्यापासून त्याच्या खोलीचं भाडं तीनशे रुपयांनी वाढलं. सगळ्याच खोल्यांचं वाढलंय, असं मॅनेजरचं म्हणणं. बाकीच्या खोल्यांचं दोनशेनं वाढलं आहे, आणि वरच्या शंभराला ते ‘लाइट’ म्हणतात.